खाडी पाहायची तर कोणती दुर्बीण घ्यावी?

दुकानात ‘स्पॉटिंग स्कोप’ (तिपाईवर ठेवायची दुर्बीण) किंवा ‘रेंजफाइंडर’ (अंतर मोजायचं यंत्र) मागितला, तर खोक्यावर बहुतेक वेळा शिंगवाल्या हरणाचं चित्र असतं. ही यंत्रं परदेशात मुख्यतः शिकारी आणि लांब पल्ल्याचे नेमबाज डोळ्यांसमोर ठेवून बनतात आणि त्यांची माहितीही त्याच भाषेत लिहिलेली असते: इतक्या यार्डांवरचं हरीण, तितक्या यार्डांवरचं निशाण. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला चाप लावला आणि १९९१च्या दुरुस्तीने परवाना काढून होणारी शिकारही संपवली. फार चांगलं झालं. सलीम अलींची पक्षिविद्या लहानपणी एअरगनने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून सुरू झाली, ही गोष्ट त्यांनीच आत्मचरित्रात सांगितली आहे. आज त्या वयाच्या मुलाला चिमणी हातात घ्यायची गरज नाही. पन्नास पावलांवरून तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका दिसेल अशी दुर्बीण त्याला मिळू शकते.

आणि पाहायला काय आहे? मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपरच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. २०१५ साली तिच्या सुमारे १७ चौरस किलोमीटरला फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्ष्यांच्या, अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली रामसर स्थळांच्या यादीत तिचं नाव आलं. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलं आहे. लोकलच्या तिकिटात पोचता येईल इतक्या जवळ एवढं पाहायला असलेली महानगरं जगात फार नाहीत. म्हणून हा लेख शिकाऱ्याच्या यंत्रांवर आहे, पण लिहिला आहे खाडीच्या बांधावर आणि जंगलाच्या वाटेवर उभ्या राहणाऱ्यांसाठी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. उपनगरातल्या माणसाने स्कोप निवडताना ‘किती पट मोठं दिसतं’ हा आकडा सगळ्यात शेवटी पाहावा. आधी पाहायचं ते तीन गोष्टींकडे: डोळ्यापर्यंत उजेड किती पोचतो, खाली तिपाई कशी आहे आणि हे सगळं खांद्यावर घेऊन आपण खरोखर किती वेळा घराबाहेर पडणार आहोत.

आधी बायनॉक्युलर, मग स्कोप

ज्याच्याकडे चांगली बायनॉक्युलर नाही त्याने स्कोपचा विचार करू नये. स्कोपमधून दिसणारा तुकडा फार लहान असतो. ८ पटीच्या बायनॉक्युलरमधून १,००० मीटरवर साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा एका नजरेत येतो. स्कोपमधून २० पटीला ३५-४० मीटर आणि ६० पटीला जेमतेम १७ ते २० मीटर. त्यामुळे पक्षी शोधायचा बायनॉक्युलरने आणि ओळखायचा स्कोपने, असा हा जोडीचा कारभार आहे. उद्यानातल्या झाडीत तर स्कोपचं काम जवळजवळ नाहीच. तिथे पक्षी पानांआड क्षणभर दिसतो, तिपाई मांडेपर्यंत उडालेला असतो.

बायनॉक्युलरवर ८×४२ किंवा १०×५० असे आकडे असतात. पहिला आकडा पटीचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की मागून बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ८×४२ला तो सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ला ४.२. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे उन्हात दोन्ही सारख्याच वाटतील. फरक कळतो तो उद्यानातल्या तुळशी तलावाच्या बाजूच्या दाट सावलीत किंवा सूर्य मावळल्यावर. बुद्धपौर्णिमेच्या रात्री येऊरच्या पाणवठ्यावर मचाणावर बसणाऱ्याला तर जुनी, जड ७×५० सगळ्यात जास्त दाखवते, कारण तिचं वर्तुळ सात मिलिमीटरचं असतं आणि अंधारात तरुण माणसाची बाहुलीही तेवढीच मोठी होते.

सगळ्या कामांना पुरणारी एकच घ्यायची तर ८×४२ घ्या. १० पटीत हाताचा कंपही १० पट होतो आणि तासाभराने डोळे थकतात. चष्मा असेल तर डोळा भिंगापासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर १५-१६ मिलिमीटरच्या खाली नको. माहितीपत्रकात ते दिलेलं असतं. फुलपाखरांची आवड असेल तर दोन मीटरवरची वस्तूही स्पष्ट दिसते का हे पाहा, काही मॉडेलांत ते जमत नाही. ढोबळमानाने दहा-पंधरा हजारांत निकॉन, सेलेस्ट्रॉन अशा कंपन्यांची आयुष्यभर पुरेल अशी बायनॉक्युलर मिळते.

घरी आणल्यावर ती आपल्या डोळ्यांना जुळवून घ्यायला मात्र पुष्कळ जण विसरतात आणि मग ‘डोकं दुखतं’ म्हणून ती कपाटात जाते. समोरच्या इमारतीवरच्या एखाद्या एसीच्या खोक्यावरची अक्षरं निवडा. उजवं भिंग हाताने झाका, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं कातीव दिसेपर्यंत फिरवा. मग डावं झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या आयपीसवरची कडी फिरवून तीच अक्षरं उजव्या डोळ्याला जुळवा. कडी कुठे थांबली ते लक्षात ठेवा. ही जुळणी प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून दुसऱ्याने दुर्बीण वापरून परत दिली की कडीकडे एकदा नजर टाकायची.

६० पटीचा मोह

स्कोपवर २०-६०×८० असं लिहिलेलं असतं: झूम २० ते ६० पट, पुढचं भिंग ८० मिलिमीटरचं. दुकानदार ६०वर नेऊन दाखवतो, समोरच्या गच्चीवरचा कावळा डोळ्यात मावत नाही, आणि सौदा होतो. आता भागाकार करा. ८० भागिले ६० म्हणजे १.३ मिलिमीटर, भिंग ६०चं असेल तर फक्त १. चित्र काळपट आणि मऊ होणारच.

त्याहून मोठा अडथळा भिंगात नसून हवेत आहे. खाडीचा चिखल फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी नऊ-दहापासून तापायला लागतो आणि त्यावरची हवा लहरू लागते. ती लहर स्कोप पक्ष्याबरोबरच मोठी करून दाखवतो. अशा वेळी लाखभर रुपयांचा स्कोपही ३०-३५ पटीच्या पुढे काही जास्त दाखवत नाही. उलट पट कमी केली की छोट्या टिलव्याचे काळे पाय दिसू लागतात. ते पाय काळे की पिवळट-हिरवट, यावरच छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा वेगळे होतात. त्यामुळे पायांचा रंग दिसणं महत्त्वाचं, ६० पट नव्हे. खाडीवरचं जवळजवळ सगळं काम २० ते ४० पटीत होतं.

याच कारणाने मी ८० मिलिमीटरऐवजी ६० ते ६५ मिलिमीटरचा स्कोप सुचवतो. ८०चा स्कोप दीड ते दोन किलोचा, त्याला शोभेल अशी तिपाई आणखी दोन-अडीच किलोची, वर पाणी, टोपी, पुस्तक. गाडी दाराशी असेल आणि थेट बांधापर्यंत जात असेल तर ८० जरूर घ्या, संध्याकाळच्या उजेडात तो सरस ठरतो. पण घाटकोपरहून लोकलने भांडुपला उतरून रिक्षा धरणाऱ्याला, त्यातही रविवारी मेगाब्लॉक सांभाळून जाणाऱ्याला, हा बोजा महिनाभरातच घरी ठेवावासा वाटतो. कोवासारख्या काही कंपन्या ५५ मिलिमीटरचे, आठशे ग्रॅमच्या आसपासचे उत्तम स्कोप बनवतात. महाग आहेत, पण पाठीवर असल्याचं जाणवत नाही.

आयपीस सरळ की तिरका? तिरका घ्या. तिरक्या आयपीसमध्ये माणूस वाकून पाहतो, त्यामुळे तिपाई कमी उंचीवर ठेवता येते आणि वाऱ्यात कमी हलते. शिवाय आई, मुलगा आणि आजोबा एकाच उंचीच्या स्कोपमधून पाहू शकतात. सरळ आयपीसने पक्षी पटकन सापडतो आणि गाडीच्या खिडकीतून पाहायला तो बरा. आपल्या उपयोगात ही सोय क्वचितच लागते.

काचेबद्दल एकच शब्द लक्षात ठेवा: ईडी. साध्या भिंगात पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी-हिरवी झालर दिसते. ईडी काचेत ती फार कमी होते. चकाकत्या पाण्यावरच्या गुलाबी-पांढऱ्या पक्ष्यांसाठी हा फरक मोठा आहे. ५०० मीटरवर मोठ्या रोहितची गुलाबी, टोकाला काळी चोच आणि छोट्या रोहितची गडद लाल चोच यांतला भेद साध्या काचेत पुसट होतो. साधा ६०-६५चा स्कोप पंचवीस-चाळीस हजारांत मिळतो, ईडी काचेचा साठ हजार ते लाखाच्या घरात, आणि स्वारोव्स्की, झाइससारखी युरोपी नावं दोन-तीन लाखांच्या पुढे. पैसे मर्यादित असतील तर मोठ्या साध्या भिंगापेक्षा लहान ईडी भिंग निवडा.

ऊन, भरती आणि तिथी

चांगला स्कोप चुकीच्या वेळी उघडला तर काही दिसत नाही, म्हणून हे थोडं सविस्तर.

भांडुपचं पंपिंग स्टेशन, विक्रोळी, मुलुंड हा खाडीचा पश्चिम काठ. इथे उभं राहिलं की तोंड पूर्वेला. सकाळी सूर्य थेट भिंगात येतो आणि सगळे पक्षी काळ्या सावल्यांसारखे दिसतात. पहाटे उठून जाण्याची सवय पक्षिनिरीक्षकांना जंगलाने लावली आहे. या काठावर ती उपयोगाची नाही. इथे दुपारी तीननंतर जा, ऊन पाठीवर येतं आणि रंग उमलतात. खाडीपलीकडच्या ऐरोलीच्या काठाला नेमकं उलटं: तिथलं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळ उत्तम. वनविभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र तिथे आहे आणि भरतीच्या वेळा पाहून तिथून बोटीही सुटतात. बोटीवर मात्र स्कोप नेऊ नका, तिपाई डोलते. तिथे ८ पटीची बायनॉक्युलरच.

पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलावर दूरवर पांगतात. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि ते मिठागरांकडे किंवा नवी मुंबईतल्या पाणथळींकडे उडून जातात. कामाची वेळ मधली: पाणी चढताना ते पक्ष्यांना हळूहळू काठाकडे ढकलतं तेव्हा, किंवा उतरू लागून पहिला चिखल उघडा पडतो तेव्हा. भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत मुंबईला चांगली लागू पडते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, द्वादशीला नऊ. पक्ष कोणताही असो. मिनिटांचा हिशेब हवा असेल तर भरतीचं कोष्टक आहेच, पण कॅलेंडरकडे पाहून रविवारचा बेत ठरवायला ही रीत पुरेशी आहे. म्हणजे भांडुपला चतुर्थी ते षष्ठीच्या आसपासची दुपार आणि ऐरोलीला एकादशी ते त्रयोदशीच्या आसपासची सकाळ ही जुळवून येणारी गणितं. हंगाम नोव्हेंबर ते मे.

दुकानात काय तपासावं

फोर्टात बोरा बाजाराच्या आसपास कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. ऑनलाइन स्वस्त दिसलं तरी पहिला स्कोप हातात घेऊनच निवडावा. शक्यतो संध्याकाळी साडेपाच-सहाला जा. दुपारच्या उन्हात सगळीच भिंगं चांगली वाटतात.

दुर्बीण हातभर लांब धरून आयपीसकडून उजेडाकडे पाहा. मध्ये उजेडाचं वर्तुळ दिसेल. ते पूर्ण गोल आणि काठापर्यंत सारखं उजळ असेल तर आतली लोलकाची काच चांगल्या प्रतीची. कडा कापल्यासारखी चौकोनी दिसली तर स्वस्त. याच वर्तुळावर मोजपट्टी धरली की खोक्यावरच्या आकड्यांचा खरेपणाही कळतो. ‘८०×१००’ असं छापलेल्या, मोबाइलला अडकवायच्या स्वस्त मोनोक्युलरवर हा प्रयोग करून पाहा. प्रत्यक्षात पट आठ-दहाच्या पुढे नसते. बायनॉक्युलरमध्ये ‘१०-१८०’ असा झूमचा आकडा दिसला की ती खाली ठेवा.

मग पांढऱ्या आकाशासमोरची केबलची तार पाहा. कडेला रंगीत झालर किती, हे तिथे स्पष्ट कळतं. चित्राच्या मध्यापासून कडेपर्यंत तार वाकते का, पुसट होते का, तेही पाहा. बायनॉक्युलरमधून दोन-तीन मिनिटं एकटक पाहिल्यावर डोळ्यांना ओढ बसत असेल, तर दोन नळ्यांची जुळणी बिघडली आहे. तो नग घेऊ नका, दुसरा मागा. पक्कं बिल आणि भारतातली हमी घ्या. हमीशिवायचा आयात माल दहा-वीस टक्के स्वस्त दिसला तरी दुरुस्तीची वेळ आली की अडकायला होतं.

उरलेले पैसे तिपाईवर खर्च करा आणि इथे हात आखडू नका. खाडीवर दुपारी वारा असतोच. दोन-अडीच हजारांच्या तिपाईवर साठ हजारांचा स्कोप ठेवला तर वाऱ्याच्या प्रत्येक झुळुकीला रोहित थरथरतात. तिपाईचं डोकं व्हिडिओसाठी असतं तसं, तेल भरलेलं आणि संथ फिरणारं हवं. फोटोग्राफीचं बॉल हेड स्कोपला नको. मधला दांडा वर काढू नका, पाय लांब करा. पिशवी खालच्या हुकाला टांगा. डावखुऱ्याने मूठ कोणत्या बाजूला बसते तेही पाहून घ्यावं.

रेंजफाइंडर कोणाला लागतो

लेसर रेंजफाइंडर डोळ्याला न दिसणारी अवरक्त किरणांची लहर सोडतो आणि ती आपटून परत यायला लागलेला वेळ मोजतो. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, म्हणून १५० मीटरवरच्या झाडाहून लहर परत यायला बरोबर एक मायक्रोसेकंद लागतो. खोक्यावर लिहिलेला पल्ला चकचकीत फलकासाठी असतो. प्राण्याच्या अंगावरून तो निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. आकडा यार्डांत असेल तर आणखी कमी करा, १,००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर.

नुसतं पाहायला आणि नोंदी ठेवायला जाणाऱ्याला याची गरज नाही, आणि खाडीवर तर याची फार मदतही होत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावरून लहर पुढे निघून जाते, धुरकट हवेत आणि पावसात मधूनच परत येते. तिथे अंतराचा अंदाज घ्यायला नकाशाचं अ‍ॅप बरं: खाडीतला एखादा विजेचा मनोरा किंवा पुलाचा खांब धरायचा, आपल्यापासूनचं अंतर मोजून वहीत लिहायचं आणि पुढे पक्षी त्याच्या अलीकडे की पलीकडे ते पाहायचं. ज्यांच्याकडे आत मोजपट्टीच्या रेघा असलेली ७×५० नौकानयनाची दुर्बीण आहे त्यांना अधिक नेमकं जमतं. उंची मीटरमध्ये, गुणिले १,०००, भागिले रेघांचा आकडा (तो ‘मिल’मध्ये असतो). मोठा रोहित सुमारे १.३ मीटर उंच. तो दोन मिल भरला तर ६५० मीटरवर आहे.

हे यंत्र खरं कामाला येतं ते गणनेत. ताडोबा, मेळघाट, पेंचमध्ये व्याघ्रगणनेच्या वेळी वनरक्षक दोन किलोमीटरची ठरलेली रेषा चालतो. चितळ, सांबर दिसलं की कळपातली संख्या, रेंजफाइंडरने अंतर आणि होकायंत्राने दिशा टिपतो. या दोन आकड्यांवरून प्राणी रेषेपासून काटकोनात किती दूर होता ते निघतं आणि अशा शेकडो नोंदींवरून एका चौरस किलोमीटरमध्ये भक्ष्य किती, याचा हिशेब मांडला जातो. अंतर डोळ्याने ठोकलं तर सगळा हिशेब बिघडतो, कारण जंगलात माणूस अंतर नेहमीच चुकवतो. अशा गणनेत स्वयंसेवक म्हणून जाणार असाल, किंवा महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी राष्ट्रीय उद्यानात रीतसर परवानगी घेऊन पक्ष्यांची मोजणी करणार असाल, तर घ्या.

घेताना एक खोच आहे. गोल्फचा रेंजफाइंडर सर्वांत जवळची वस्तू पकडतो, कारण गोल्फरला झाडांच्या पुढचा झेंडा हवा असतो. जंगलात याच्या उलट लागतं: पुढचं गवत आणि फांद्या सोडून मागचं सांबर. म्हणून सर्वांत दूरच्या वस्तूला पसंती देणारी सेटिंग असलेलाच घ्या. ६×२१ आकाराचा, मीटर दाखवणारा, पावसाचं पाणी सोसणारा पुरे.

नेमबाजीच्या खेळात याचं काहीच काम नाही, तिथे अंतर ठरलेलं असतं. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर सराव करणाऱ्या मुलांच्या पालकांनी रेंजफाइंडरवर पैसे घालवू नयेत. १० मीटर एअर रायफलला स्कोपही नको. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेला पॅरिसमध्ये ज्या प्रकारात २०२४चं कांस्य मिळालं त्या ५० मीटर रायफलमध्ये मात्र, कागदी निशाणावर सराव असेल तर, स्कोप हवा. त्या निशाणाचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि गोळीचं छिद्र साडेपाच मिलिमीटरचं; २० ते ३० पटीचा साधा ६० मिलिमीटरचा स्कोप ते नीट दाखवतो. झोपून नेम धरताना मान न हलवता डोळ्याशी येईल असा स्टँड त्याच्याइतकाच महत्त्वाचा. पडद्यावर गुण दाखवणारी इलेक्ट्रॉनिक निशाणं असतील तर त्याचीही गरज उरत नाही.

पावसाळा

मुंबईत दुर्बिणी पडून फुटतात त्यापेक्षा बुरशीने जास्त मरतात. जून ते सप्टेंबर भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू धरतात, ते वेळीच काढले नाहीत तर काचेवरचा लेप खातात आणि मग कोणताही कारागीर तो परत आणू शकत नाही. विकत घेतानाच आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेली, जलरोधक दुर्बीण घ्या. आतली बाजू बरीच सुरक्षित राहते. बाहेरच्या काचेची काळजी तुमची.

बरोबर आलेली कापडी किंवा चामडी पेटी ओल धरते, त्यात पावसाळाभर ठेवू नका. कपड्यांच्या कपाटातही नको. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा मोठा डबा आणि रंग बदलणारी सिलिका जेल एवढ्यावर काम भागतं. जेलचा रंग बदलला की ती मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वापरता येते. दोन-तीन भिंगं झाली की विजेवर चालणारं कोरडं कपाट घ्या. आणि अधूनमधून दुर्बीण वापरा. ऑगस्टमधल्या उघडिपीत खिडकीतून घारी पाहिल्या तरी चालेल, भिंगांना उजेड आणि वारा मिळतो.

खाडीवरून आल्यावर काचेवर क्षाराचे बारीक कण असतात. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, आणि सगळ्यात शेवटी भिंगाचा कागद. सदऱ्याच्या टोकाने पुसलं की तेच कण लेपावर ओरखडे काढतात.

कुठे उभं राहायचं, काय टिपायचं

भांडुपचा परिसर महापालिकेच्या ताब्यात आहे आणि कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे. रखवालदाराने अडवलं तर वाद घालू नका. काय करतोय ते सांगा, स्कोपमधून एक रोहित दाखवा, पण परवानगी मागितली तर ती काढूनच पुढे जा. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राच्या दिशेला स्कोप वळवायचा नाही, आणि रेंजफाइंडर विमानांवर रोखायचा नाही. घाटकोपर तर विमानांच्या उतरण्याच्या वाटेखालीच आहे. त्याच घाटकोपरमध्ये २० मे २०२४च्या रात्री विमानाला धडकून चाळिसाच्या आसपास रोहित मरून पडले. आपल्या डोक्यावरून रात्री हे थवे जातात, हे पुष्कळांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

स्कोप घेतलात तर पक्ष्यांच्या पायांकडे जरूर पाहा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३पासून इथे आहे आणि तिचे संशोधक खाडीवरच्या पक्ष्यांच्या पायांत कडी आणि रंगीत पट्ट्या घालतात. दूरदेशी पट्टी बांधलेले पक्षीही इथे येतात. पट्टीवरची अक्षरं बायनॉक्युलरने वाचता येत नाहीत. स्कोपने, ऊन पाठीवर असताना, पक्षी उथळ पाण्यातून चिखलावर चढतो त्या काही सेकंदांत ती वाचता येतात. मोबाइल आयपीसला अडकवायची क्लिप असेल तर थेट व्हिडिओ घ्या आणि घरी चित्र थांबवून वाचा. पट्टीचा रंग, ती कोणत्या पायावर आणि गुडघ्याच्या वर की खाली, अक्षरं, तारीख, वेळ, जागा, एवढं लिहून सोसायटीला कळवायचं. अक्षरं अर्धवट दिसली तरी रंग आणि पाय कळवा, पट्टीच्या रंगांवरून ती कोणत्या देशात बांधली ते ओळखता येतं.

नवा स्कोप परवडत नसेल तर जुना बघायला हरकत नाही. हंगाम संपल्यावर, जूनमध्ये, हौशी लोक साधनं विकायला काढतात. घेण्याआधी अंधाऱ्या खोलीत पुढच्या भिंगातून टॉर्चचा झोत आत टाकून मागून तिरकं पाहा. तंतू, धुकं किंवा ओरखडे असतील तर तिथेच दिसतात. झूमची कडी दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, कुठे खरखर लागते का पाहा, आणि तिपाईला बसणारा पाया हलत नाही ना हे हाताने दाबून बघा.